डावीकडचं चाक

"डावीकडचंच ना?" ऑरलिंडा म्हणाली, आणि घेवड्याच्या पातेल्यात पळी फिरवत राहिली.

उबाल्दोच्या हातातली तोर्तिया तिथल्या तिथे थांबली. इतका वेळ तो मेलितॉनला शिव्या घालत होता. मेलितॉन म्हणे, तुझ्या गाडीचं मागचं चाक बाहेर आलंय. जळतो मेला, दुसरं काय! स्वतःच्या गाडीला रंग लावायला सवड नाही आणि लोकांची चाकं बघत फिरतो. एवढंच उबाल्दो बोलला होता. डावं की उजवं हे त्याने सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? मेलितॉननेच त्याला ते सांगितलं नव्हतं, आणि त्याने रागाच्या भरात विचारलंही नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"चाक रे. डावीकडचं जरा बाहेर दिसतं."

"तुला कुठून दिसलं?"

पळी थांबली. फार नाही, एखादा श्वास घ्यावा एवढीच. मग पुन्हा फिरू लागली. "अंगणात. आणखी कुठून दिसणार? मिरची घे, म्हाताऱ्या. निवतेय."

त्याने मिरची घेतली. आजच भाजून आणलेली, सालं अर्धवट काढलेली, हिरवीगार. तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पाहिलं, पण एरवीसारखी हसली नाही. ऑगस्ट संपत आला की अख्ख्या अल्बुकर्की शहरात भाजल्या मिरचीचा वास सुटतो. तो वास आला की उबाल्दोला उगाच बरं वाटायचं. आज तो नाकात गेला आणि तिथेच अडकून बसला. अंगणात! गाडी अंगणात असते तेव्हा तिची पाठ शेडच्या भिंतीला टेकलेली असते. मांजर जाईल एवढीसुद्धा फट नसते तिथे. अंगणातून गाडीचं तोंड दिसतं. मागची चाकं बघायची तर गाडीच्या मागे जावं लागतं, आणि गाडी रस्त्यावर असेल तेव्हाच कुणी तिच्या मागे असू शकतं.

बोलणं रविवारचं. दर रविवारी दुपार कलली की सेंट्रल रस्त्यावर गाड्या निघतात. सावकाश, एकामागून एक, वरातीत चालल्यासारख्या, आणि सूर्य उतरायच्या आत सगळे एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानामागे मोकळ्या जागेत येऊन थांबतात. या लोकांत गाडी पळते कशी हे कुणी विचारत नाही. गाडी बसते कशी हे विचारतात. बटण दाबायचं, मागच्या-पुढच्या हवेच्या पिशव्या फुस्स करून रिकाम्या व्हायच्या, आणि गाडीचं पोट जमिनीला लागेपर्यंत ती खाली यायची. चाकं मडगार्डांत अर्धी बुडायची. मग चारचौघं सभोवती फिरून बघणार, ओठ पुढे काढणार, काही बोलणार नाहीत. न बोलणं ही शाबासकी. उबाल्दोची गाडी सहासष्ट सालचा पिकअप, रंग पिकल्या आलुबुखाराचा, म्हणून तिचं नाव सिरुएला. सिरुएला बसली की भले भले गप्प व्हायचे. त्या दिवशी मात्र मेलितॉन बोलला. मेलितॉनच्या थोरल्या मुलीचा उबाल्दो धर्मपिता. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात आणि एकमेकांच्या गाड्यांचं वाईट चिंततात. "कोंपाद्रे, पुलापासून तुझ्या मागे होतो. मागचं चाक बाहेर आलंय तुझं." "तुझे डोळे बाहेर आलेत," उबाल्दो म्हणाला. सगळे हसले. मेलितॉनही हसला. पण हसता हसता त्याने उबाल्दोकडे जे पाहिलं, त्यात चेष्टा नव्हती. दुसरंच काहीतरी होतं. कीव? छे! मेलितॉन आणि कीव? उबाल्दोने ती नजर तिथेच झटकून टाकली होती. आज जेवणाच्या टेबलावर ती परत आली.

आदल्याच दिवशी, सोमवारी सकाळी, त्याने मोजलंही होतं. सगळं आयुष्य शहराच्या बस डेपोत गेलेला माणूस. संशय आला की मोजायचं, हे हाताच्या हाडात भिनलेलं. गाडी भिंतीपासून पुढे काढून सपाट फरशीवर बसवली. चालवणाऱ्याच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं, भरून भरून आपल्या स्वतःच्या वजनाचं केलेलं. डेपोचा नियमच होता, गाडी मोजायची ती चालवणाऱ्याच्या वजनासकट, रिकामी गाडी खोटं बोलते. मग ओळंबा घेतला. डाव्या मडगार्डच्या कडेवरून सोडला, डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली, टायरपर्यंतचं अंतर पट्टीने घेतलं. मग उजवीकडे. सारखं. पुन्हा घेतलं. केसाचा फरक नाही. मागची चाकं जोडणारा ॲक्सल अगदी मधोमध, जसा त्याने हिवाळ्यात बसवला होता तसाच. तेव्हा पेट्रोलची टाकी केबिनमधल्या सीटमागून काढून त्याने हौद्याखाली नेली होती. टाकीला जागा हवी म्हणून ॲक्सलला धरून ठेवणारा लांब आडवा दांडा काढून आखूड घातला होता. चेसिसला एक टोक, ॲक्सलला दुसरं. ॲक्सलने इकडे-तिकडे सरकू नये म्हणून तो दांडा. आखूड दांड्याची एक खोड असते, ती डेपोत पोराटोरांनाही ठाऊक असते. पण त्या सकाळी आकडे सारखे आले होते आणि उबाल्दोला कुणाची खोड आठवायची नव्हती. टाकी तरी कुणासाठी हलवली? ऑरलिंडासाठी. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो, डोकं दुखतं, असं ती वर्षानुवर्षं म्हणत होती. वास गेला आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत बाईसाहेब गाडीत बसायच्याच बंद झाल्या. कंबर दुखते म्हणे. गाडी खाली आहे, दणके बसतात. इतकी वर्षं बसले नव्हते ते दणके आता बसायला लागले!

म्हणजे मेलितॉन खोटं बोलला, हे सोमवारी सिद्ध झालं होतं. आणि मंगळवारी रात्रीच्या जेवणाला बायकोनेही तेच खोटं बोलावं, तेही मेलितॉनपेक्षा जास्त तपशिलाने? दोन माणसं वेगवेगळ्या तोंडांनी एकच खोटं बोलतात तेव्हा ते खोटं नसतं, किंवा मग दोघांनी ते एकत्र बसून रचलेलं असतं. तो अंथरुणावर पडून आढ्याकडे बघत राहिला. शेजारी ऑरलिंडा भिंतीकडे तोंड करून निजली होती. गंमत बघा, त्याच्या मनात आलं, ज्याची गाडी त्याला ती चालताना कशी दिसते हे कधीच बघायला मिळत नाही. इतकी वर्षं त्याने सिरुएलाला जपलं, तिचा एकेक बोल्ट त्याच्या ओळखीचा, पण रस्त्यावरून जाताना तिची पाठ कशी दिसते हे जगाला माहीत, त्याला नाही. ऑरलिंडालाही माहीत असायचं कारण नाही. ती गाडीत बसायची ती नेहमी शेजारी. मग ती मागे होती कधी? पायी चालत का कुणी गाडीच्या मागे जातं? कुणाच्या तरी गाडीत बसून ती त्याच्या मागे होती. कुणाच्या?

नाव शोधावं लागलं नाही. ते तिथेच होतं, बोळात उभ्या माणसासारखं. फाकुंदो. त्याचा धाकटा भाऊ. बायको सोडून गेलेला, राखाडी रंगाची मळकी मोटार चालवणारा, आणि आठवड्यातून एकदा "वहिनी, काय शिजवलंस?" म्हणत स्वयंपाकघरात सरळ घुसणारा. ऑरलिंडाची पहिली ओळख करून दिली तीही फाकुंदोनेच. गावातल्या हॉलमध्ये नाच होता, ती फाकुंदोबरोबर आली होती. पिवळा झगा, पायात थोरल्या बहिणीचे बूट, टाचेत कागद कोंबलेले. फाकुंदो चांगला नाचायचा. उबाल्दोला नाचता येत नव्हतं, पण त्याच्याकडे गाडी होती. परत जाताना ती गाडीत बसली आणि फाकुंदो रस्त्यावर हात हलवत उभा राहिला. पुढे लग्नात सगळे म्हणायचे, गाडीने बायको मिळवली! फाकुंदो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. इतकं मोठ्याने का हसायचा? तेव्हा विचारलं नाही. तेव्हा जिंकलेला होता ना तो, जिंकलेला माणूस कशाला विचारतो? आता म्हातारपणी, केसांचा कापूस झाल्यावर, तो आढ्याला विचारत होता. आणि एक स्पष्ट कळत होतं. ते तसं असेल तर गाडी, घर, शेड, चाळीस वर्षांची सगळी जेवणं, कशालाच काही अर्थ उरणार नव्हता. ती गेली तर तो उरणार नव्हता. इतकं साधं होतं ते.

बुधवारी, ऑरलिंडा बाजारात गेली तेव्हा, त्याने तिच्या बहिणीला फोन केला. रविवारी तू कुठे असतेस, असं कुणी विचारलं की ऑरलिंडा रामोनाचं नाव घ्यायची.

"रामोना, ऑरलिंडा रविवारी तुझ्याकडेच होती ना?"

"हो तर!" रामोना म्हणाली, जरा जास्तच चटकन. "दुपारभर होती. आम्ही तमालेस केले."

"ऑगस्टात?"

"लहर आली बाबा. तुला का चौकशा?"

संध्याकाळी त्याने ऑरलिंडाला सहज विचारल्यासारखं विचारलं, रामोनाकडे काय केलंत? ती म्हणाली, काही नाही, पत्ते खेळलो. त्याने मान हलवली आणि बाहेर अंगणात येऊन उभा राहिला. दोघी बहिणी, खोटं बोलायचं तर आधी एकमेकींना विचारून तरी घ्यावं! तमालेस म्हणे. मक्याच्या पिठाचा, नाताळात करायचा पदार्थ. समोर सिरुएला भिंतीला पाठ लावून बसली होती, पोट जमिनीला, जणू तिला सगळं माहीत होतं आणि ती बोलायची नाही. पाण्याच्या पाटाच्या कडेची पॉपलरची झाडं सळसळत होती. या घरात त्याच्याशिवाय सगळ्यांना काहीतरी माहीत आहे, असं त्याला वाटलं. आणि एकदा वाटलं की मग तसंच दिसायला लागतं.

गुरुवारी फाकुंदो आला. उबाल्दो शेडमधून आत आला तेव्हा स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात बोलत होते आणि तो दिसताच बोलणं तुटलं. "ये रे थोरल्या," फाकुंदो म्हणाला. "बरा आहेस ना? झोप-बिप नीट लागते?"

"माझ्या झोपेची तुला काय काळजी?"

"विचारलं आपलं."

"विचारू नकोस."

ऑरलिंडाने फाकुंदोकडे पाहिलं. ती नजर! नवरा-बायकोंत असते तशी, न बोलता "असू दे" म्हणणारी. उबाल्दोने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग तो बाहेर गेला, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या राखाडी मोटारीच्या काचेतून आत डोकावला. चोरासारखं डोकावताना लाज वाटली, पण डोकावला. शेजारच्या सीटवर ऑरलिंडाची उशी होती. क्रोशाची, निळ्या काठाची, तिने स्वतः विणलेली, सिरुएलाच्या सीटवर कमरेखाली घ्यायची उशी. ती उशी आता इथे. मागच्या सीटवर एक घडी घातलेली चादर आणि पाण्याची बाटली. चादर! उबाल्दो कितीतरी वेळ त्या चादरीकडे बघत राहिला. घरातलीच होती, हिवाळ्यात पायांवर घ्यायची. कंबर दुखते म्हणून सिरुएलात बसत नाही, आणि या खटाऱ्यात कंबर दुखत नाही? आत जाऊन दोघांना समोरासमोर उभं करावं असं वाटलं. पण आत गेला आणि ते दोघं "हो" म्हणाले तर? "हो" ऐकण्याची तयारी नव्हती. म्हणून तो शेडमध्ये गेला आणि घासायची गरज नसलेलं काहीतरी घासत बसला.

घासता घासता जानेवारी आठवला, आठवावा असं नसताना. सिग्नलला गाडी उभी होती. ऑरलिंडा शेजारी काहीतरी सांगत होती, तिच्या आवाजाला शेवट नव्हता, आणि मग तिचा आवाज दुसरीकडून येत होता, किंचाळल्यासारखा, आणि सिरुएलाचं पुढचं चाक फुटपाथला टेकलेलं होतं. तिने हाताने ब्रेक ओढला होता. डुलकी लागली, तो म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डुलकी नाही ही, हृदय मध्येच एखादा ठोका गाळतं तुमचं, तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गाडी चालवायची नाही. बरं म्हणाला. तपासणीला गेला नाही. घरी आल्यावर ऑरलिंडाने किल्ली लपवली, तर त्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं आणि आठवडाभर शेडमध्ये गाडीजवळ निजला. शेवटी तिनेच किल्ली आणून समोर ठेवली. चालव बाबा. तो जिंकला होता. त्यानंतर ती शेजारी बसायची खरी, पण सारखी त्याच्या तोंडाकडे बघायची. सिग्नल आला की बघायची. वळण आलं की बघायची. एकदा मे महिन्यात त्याला ते असह्य झालं आणि तो काहीतरी ओरडला. काय ओरडला ते आता नीट आठवेना. तिला तिथेच उतरवलं होतं एवढं आठवतं, नदीजवळ, आणि ती चालत घरी आली होती. त्याच्या पुढच्या रविवारपासून तिची कंबर दुखायला लागली. म्हणजे त्यामुळे ती गेली का? एका ओरडण्यामुळे, फाकुंदोकडे?

रविवार उजाडला. दुपारी त्याने सिरुएला धुतली, पुसली. ऑरलिंडा म्हणाली, मी रामोनाकडे जाऊन येते. "जा," तो म्हणाला. "पत्ते खेळा. तमालेस करा." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण ती गेली, खांद्याला पिशवी लावून, पाय जरासा फेंगडा टाकत, तिच्या नेहमीच्या चालीने. तिची चाल पाहून त्याला रडू आलं. रडू येतंय याचाच त्याला राग आला. त्याने बटण दाबलं. पिशव्यांत हवा भरली, सिरुएला उठून उभी राहिली, आणि तो निघाला.

सेंट्रलवर नेहमीचीच गर्दी. लोक घडीच्या खुर्च्या टाकून फुटपाथवर बसलेले, पोरं हात हलवतायत. पुढची गाडी कुणाची हे त्याने पाहिलंच नाही. त्याचे डोळे आरशात होते. नदीवरचा पूल गेला. जुनं सिनेमाघर गेलं. आणि मग दिसली, तीन-चार गाड्या सोडून, मळकी राखाडी. आत दोन डोकी. एक फाकुंदोची टोपी. दुसरं... दुसरं ओळखायला त्याला आरसा लागत नव्हता.

दिसल्यावर एक विचित्र शांतता वाटली. चला, निघालं एकदाचं खरं. मग हळूहळू दुसरा प्रश्न वर आला. हे दोघं एकत्र फिरतायत तर फिरोत, पण माझ्या मागे का? ज्यांना लपायचं आहे ती माणसं नवऱ्याच्या मागे-मागे कशाला फिरतील? मजा बघायला? म्हातारा बघ कसा चाललाय ऐटीत, चाक बाहेर काढून! ते दोघं हसतायत, असं त्याला आरशात दिसलं. इतक्या लांबून हसू दिसत नाही हे कळत असूनही दिसलं. पाटाचा पूल यायच्या आधी एक बंद लाँड्री आहे, तिच्या बाजूला मातीच्या भिंतीची गल्ली. त्याने गाडी अचानक तिकडे वळवली, भिंतीच्या आड घातली आणि बटण दाबलं. फुस्स. सिरुएला बसली. भिंतीवरून आता तिचा टपसुद्धा दिसत नव्हता. तो उतरून भिंतीच्या कोपऱ्याशी उभा राहिला.

राखाडी मोटार आली. पुढे गेली. पाटाच्या पुलाशी कचकन थांबली, भर रस्त्यात, मागच्यांनी भोंगे वाजवले. दार उघडलं आणि ऑरलिंडा बाहेर पडली. तिने रस्त्याच्या पुढे पाहिलं. मागे पाहिलं. डोळ्यांवर हात घेऊन पुन्हा पुढे पाहिलं. मग ती धावली, जिच्या कमरेत म्हणे दुखत होतं ती, पुलाच्या कठड्याकडे, आणि कठड्यावरून पार ओणवून खाली पाण्यात बघायला लागली. एका बाजूला बघितलं, मग रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला. "फाकुंदो!" ती ओरडली. "खाली उतर! तिकडून बघ! पाण्यात बघ!"

यारासोबत फिरायला निघालेली बाई पाण्यात वाकून काय शोधते? त्याला एकदम समजलं की ती काय शोधतेय. आणि समजल्यावर त्याच्याने भिंतीआड थांबवेना. "ऑरलिंडा!" त्याने हाक मारली.

ती वळली. मग चालत आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. "मेल्या! हरामखोरा! कुठे गेला होतास? मला वाटलं... मला वाटलं..."

"तू त्याच्या गाडीत काय करतेस?" हा प्रश्न त्याने आठवडाभर धार लावून ठेवला होता. तो आता अगदीच बोथट निघाला.

"काय करते? तूच सांगितलंस ना!"

"मी?"

"मे महिन्यात. नदीपाशी मला उतरवलंस तेव्हा. माझं तोंड बघत बसू नकोस, म्हणालास. एवढी बघायची हौस असेल तर मागून बघ! म्हणालास की नाही? मग बघतेय मागून." तिने नाक पदराने पुसावं तसं पिशवीच्या कडेने पुसलं. "दर रविवारी बघतेय. बाजारात जातोस तेव्हा बघतेय. गाडी मला चालवता येते, पण हात थरथरतात, म्हणून याला बोलावते. पाया पडून बोलावते."

फाकुंदो पाटातून वर आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. "थोरल्या," तो म्हणाला, "तुझं काय चाललंय? बूट गेले माझे."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? आणखी एक ताट फोडलं असतंस." फाकुंदो खाली बसून बुटातलं पाणी काढू लागला. "मेलितॉनला पण माहिताय. सगळ्यांना माहिताय. कुणी ना कुणी असतंच तुझ्या मागे."

मेलितॉनची ती नजर. झोप लागते का. चादर आणि पाणी, तो कोसळलाच तर म्हणून. तमालेस. आठवडाभर जे जे एका बाजूने लावून ठेवलं होतं ते सगळं घरंगळून दुसऱ्या बाजूला जाऊन बसत होतं, आणि या बाजूने बघताना त्याला जास्तच लाज वाटत होती. ऑरलिंडाने हात पुढे केला. "किल्ली," ती म्हणाली. ताटही नाही, भिंतही नाही. त्याने किल्ली दिली.

"तू बस तिथे, माझ्या जागेवर," ती म्हणाली. "बघ एकदा कसं वाटतं ते."

तिचे हात थरथरत होते, पण ती सिरुएलात चढली. लहानपणी बापाच्या शेतातली गाडी चालवायची ती. हे त्याला माहीत होतं, पण सिरुएलाचं स्टिअरिंग तिच्या हातात द्यावं असं त्याला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. तिने बटण दाबलं, गाडी उठली, आणि अडखळत रस्त्यावर आली. उबाल्दो राखाडी मोटारीत, निळ्या काठाच्या उशीवर बसला. उशीला मधोमध खळगा पडला होता.

तेव्हा त्याने पहिल्यांदा आपली गाडी मागून, चालताना पाहिली. खरंच, डावीकडचं मागचं चाक बाहेर आलं होतं, चांगलं बोटभर, आणि उजवं आत गेलं होतं. सगळी गाडी जरा एका अंगावर कलून चालल्यासारखी दिसत होती. इतकं उघड की आंधळ्याला दिसावं. आखूड दांडा. गाडी वर उठली की तो दांडा आपल्या टोकावर फिरतो आणि ॲक्सलला एका बाजूला ढकलतो, आणि जितका आखूड तितका जास्त ढकलतो. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? डेपोत त्याने हे दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण त्याने मोजलं ते गाडी बसलेली असताना, कारण लोक बघतात ते तेव्हा. चालताना कोण बघतं, असं धरून चालला होता तो.

"डावीकडे आहे," तो म्हणाला.

"काय?"

"चाक."

"चाकाकडे काय बघतोस," फाकुंदो म्हणाला. "ती चाकाकडे बघायची नाही. चाक तिला असंच दिसलं, येता-जाता. ती काचेतून तुझ्या डोक्याकडे बघायची."

मग त्यानेही काचेतून पाहिलं. सिरुएलाच्या मागच्या लहानशा काचेत ऑरलिंडाचं डोकं होतं, पांढऱ्या केसांचा अंबाडा, जरा पुढे ओणवलेलं. पुढे सिग्नल लाल झाला. सिरुएला थांबली. डोकं स्थिर. उबाल्दो त्या डोक्याकडे बघत होता आणि त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरलाय. सिग्नल हिरवा झाला. सिरुएला हलली नाही. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. डोकं हललं नाही. उबाल्दोचा हात दाराच्या कडीवर गेला, बाहेर उडी टाकावी, धावावं, दार उघडावं, असं सगळं एकाच वेळी अंगात उसळलं. तेवढ्यात गिअर पडल्याचा खरखर आवाज आला आणि सिरुएला पुढे सरकली. तिला गिअर सापडत नव्हता, इतकंच.

फाकुंदोने त्याच्याकडे पाहिलं नाही. "प्रत्येक सिग्नलला असं व्हायचं तिचं," तो म्हणाला. "प्रत्येक रविवारी."

उबाल्दोने मागच्या सीटवर हात नेला आणि ती चादर पुढे ओढून मांडीवर घेतली. थंडी नव्हती. घर येईपर्यंत तो ती दोन्ही हातांनी धरून बसला.

पुढच्या आठवड्यात फाकुंदो त्याला तपासणीला घेऊन गेला. आणि शनिवारी सकाळी त्याने सिरुएलाला फरशीवर आणलं, पण बसवली नाही. चालताना असते तितक्या उंचीवर उभी ठेवली. ओळंबा काढला, पट्टी काढली, पाने काढले. ॲक्सल आता चालत्या गाडीत मधोमध आणायचा होता. बसल्यावर जराशी एका अंगाला दिसेल, दिसू दे. टायरच्या दुकानामागे ओठ वाकडे होतील, होऊ देत. ऑरलिंडा पायरीवर मिरच्यांची सालं काढत बसली होती, बोटं जळतात म्हणून मधूनमधून फुंकत होती.

त्याने चालवणाऱ्याच्या जागेवरचं वाळूचं पोतं मिठीत धरून उचललं आणि खाली, भिंतीशी नेऊन टाकलं.

"म्हातारे," त्याने हाक मारली. "इकडे ये. हात धू आणि गाडीत बस."

"मी? कशाला?"

"मोजायचंय," तो म्हणाला. "जो चालवणार त्याचं वजन लागतं."

ऑरलिंडाने मिरच्या बाजूला सारल्या. मग उठली, नळाखाली हात धुतले, आत जाऊन निळ्या काठाची उशी घेऊन आली, आणि सिरुएलात स्टिअरिंगमागे बसली. गाडी तिच्या बाजूला किंचित खाली झाली. उबाल्दो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि दांड्याचा नट सैल करू लागला.